रेघेखाली काय आहे? प्लॉट-फ्लॅटची जाहिरात करणाऱ्या मराठवाड्यातल्या एजंटांसाठी

संभाजीनगरच्या जालना रोडवर, करमाडच्या अलीकडे आमच्या एका साइटचा बोर्ड होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'केंब्रिज चौकापासून फक्त १० मिनिटांवर'. मजकूर माझाच. एका रविवारी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका साइट बघायला आले. मी गाडी घेऊन चौकात उभा होतो, पण ते काही माझ्या गाडीत बसले नाहीत. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो माझ्या स्कूटीवर." साइटवर पोचल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं आणि मनगट माझ्यापुढं धरलं. "चौकातून निघालो नऊ पाचला. आता झाले नऊ एकोणतीस. साहेब, तीस वर्षं मी गाडीचा टाइम लिहिलाय. दहा मिनिटं कामून छापली?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. दहा मिनिटं मी मोजलीच नव्हती. बिल्डरनं तोंडी सांगितली, मी छापली. काकांनी चहा घेतला, प्लॉट घेतला नाही.

तेव्हापासून ऑफिसात एक सवय लावून घेतली. जाहिरातीचा मजकूर छपाईला किंवा व्हॉट्सॲपवर जायच्या आधी साध्या कागदावर लिहून काढायचा, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. जो जो शब्द काहीतरी दावा करतो त्याच्याखाली पेनानं रेघ मारायची. रेघेखाली लिहायचं की याचा पुरावा कोणता, कोणत्या तारखेचा, कुठल्या फाइलला आहे. जागा रिकामी राहिली की शब्द कटाप. आमची पोरं याला 'रेघेचं पान' म्हणतात. पुढं जे सांगतोय ते हे पान कसं भरायचं तेच आहे. धंद्यात नवा असलेल्या एजंटाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण प्लॉट घेणाऱ्यानं वाचलं तरी हरकत नाही. उलट त्यानं वाचावंच.

आधी तुमचा नंबर, मग साइटचा

स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचं, म्हणजे या कायद्याखालच्या प्राधिकरणाचं, काम २०१७ च्या मे महिन्यापासून सुरू झालं. त्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणं जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली चौकट नाही. कुठल्याही माध्यमातून, कुठल्याही रूपात प्रकल्पाची माहिती देणं किंवा खरेदीचं निमंत्रण देणं म्हणजे जाहिरातच. तुमचं व्हॉट्सॲप स्टेटस, रिक्षामागचा फ्लेक्स, गणपतीच्या मंडपातला बॅनर, इन्स्टावरचं रील, सगळं त्यात येतं. "ते तर नुसतं ग्रुपवर टाकलं होतं" हे वाक्य सुनावणीत चालत नाही.

पहिली रेघ तुमच्या स्वतःच्या नावाखाली मारा. नोंदणी नसलेल्या एजंटानं नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला मध्यस्थी करायची नाही, हे कलम ९ सांगतं. मोडलं तर रोजचे १०,००० रुपये दंड, जो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आता नोंदणीसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही लागते. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते. ती संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण आमच्यातले कितीतरी जण मुदत संपलेला नंबर वर्षभर बिनधास्त छापत राहतात.

दुसरी रेघ साइटच्या नावाखाली. नियोजन क्षेत्रातला प्रकल्प महारेराकडं नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही. सूट आहे ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठपर्यंत सदनिकांना. आता ५०० चौरस मीटर म्हणजे आपल्या भाषेत किती? गुंठा १०८९ चौरस फुटांचा. हिशेब करा, पुरते पाच गुंठेही भरत नाहीत. म्हणजे आपल्याकडं एकर-दीड एकरात जे प्लॉटिंग पडतं, ते छोटं आहे म्हणून सुटलं असं समजू नका. 'प्री-लाँच', 'फक्त ओळखीच्यांसाठी', 'नंबर येतोय, टोकन देऊन ठेवा' ही सगळी त्याच नियमाला वळसा घालायची नावं आहेत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री एजंटानं करून द्यायची नाही, हे कलम १० मध्ये सरळ लिहिलंय. तिथं बिल्डरच्या मागं लपता येत नाही.

नंबर खरा आहे का ते बिल्डरच्या ब्रोशरवरून ठरवू नका. महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. प्रकल्पाचं नाव, गट नंबर, प्रवर्तकाचं (म्हणजे बिल्डरचं) नाव, पूर्णत्वाची तारीख जुळतेय का ते पाहा. एकदा मला दिलेला नंबर खरा होता, पण त्याच प्रवर्तकाच्या दुसऱ्याच साइटचा होता. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. तो नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कोड छापून झाल्यावर आपल्याच मोबाइलनं दहा फुटांवरून स्कॅन करून बघा. आमच्या एका फ्लेक्सवर डिझायनरनं तो शोभेसाठी पिवळ्यावर सोनेरी केला होता. कोड दिसायला झकास होता, स्कॅन मात्र कुठल्याच फोनवर होईना. नंबर आणि कोड कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात नको, तुमच्या फोन नंबराच्या आकाराचा तरी असू द्या.

मालकाची मालमत्ता पुनर्विक्रीला असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. किंमत, मुदत, फोटो वापरायची मुभा, सगळं एका पानावर. एकाच फ्लॅटची सहा एजंटांकडून सहा किमतींची जाहिरात निघते ती याच पानाअभावी.

'क्लिअर टायटल' हा शब्द लिहूच नका

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठवाड्यातल्या जमिनीचा इतिहास पुण्या-नाशिकच्या जमिनीसारखा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. जमिनीची जुनी नोंद शोधायला गेलात की खासरा पत्रक हातात येतं, उर्दू शब्द येतात, इनामं येतात. मशिदीच्या, दर्ग्याच्या, देवळाच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी वेगळ्या, उदरनिर्वाहासाठी दिलेल्या मदतमाश वेगळ्या. इनामं रद्द करणारा हैदराबादचा कायदा १९५४ चा. कुळांचा कायदाही आपल्याकडं हैदराबादचाच, १९५० चा. एखाद्या गटात ऐंशी वर्षांपूर्वी कूळ म्हणून लागलेलं नाव आज नातवाच्या रूपानं कोर्टात उभं राहू शकतं. राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय तर आपल्या संभाजीनगरातच, पाणचक्कीला आहे. एवढं सगळं पोटात असलेल्या जमिनीवर 'टायटल क्लिअर, बिनधास्त घ्या' असं एका ओळीत लिहिणारा एजंट एकतर कागद बघत नाही, नाहीतर बघून गप्प बसतो.

मग लिहायचं काय? जे कागदावर दिसतं तेच. डिजिटल सहीचा ताजा सातबारा काढा, महिन्यापेक्षा जुना नको. आधी भूधारणा पद्धत बघा. 'भोगवटादार वर्ग २' असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. तेव्हा परवानगी हातात येईपर्यंत जाहिरातच करू नका. मग 'इतर हक्क' हा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, न्यायालयाचा आदेश, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथंच दडलेलं असतं. खाली प्रलंबित फेरफार आहे का तेही बघा. त्यानंतर जुने सातबारे, फेरफार आणि खासरा पत्रक घेऊन वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल करून घ्या. जाहिरातीत एवढंच यावं: 'भोगवटादार वर्ग १. वकिलाचा शोध अहवाल (तारीख अमुक) ऑफिसात पाहायला मिळेल.' हे 'क्लिअर टायटल'पेक्षा लांबलचक वाटतं हे खरं. पण अहवाल मागून वाचणारं गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं, हा माझा अनुभव.

आणि अहवालात काही खोट निघाली तर? तेही लिहायचं. चुलत भावांचा वाद दिवाणी न्यायालयात चालू आहे, हे गिऱ्हाइकाला इसार दिल्यावर समजण्यापेक्षा पहिल्या फोनवर समजलेलं बरं. गाव छोटं असतं. त्याला ते कुणीतरी सांगणारच आहे, मग तुम्हीच का नको?

एनए, एनए म्हणजे नक्की काय?

एनए म्हणजे नॉन-ॲग्रिकल्चरल, अकृषिक जमीन. आपल्या भागात सगळ्यात जास्त लबाडी या दोन अक्षरांत होते. 'एनए प्लॉट', 'एनए प्रपोज्ड', 'एनए होणार', 'येलो झोन एनए'. गिऱ्हाइकाच्या कानाला सगळं सारखंच लागतं. प्रत्यक्षात त्यामागं चार वेगळ्या पायऱ्या असतात.

जमीन विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत रहिवास क्षेत्रात येते, त्याला आपण येलो झोन म्हणतो. त्याचा पुरावा नगररचना विभागाचा झोन दाखला. पण झोन पिवळा असला म्हणजे जमीन अकृषिक झाली असं नाही. अकृषिक वापराचे नियम जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये आहेत. जमीन अकृषिक झाली असेल तर तिचा पुरावा आदेश किंवा सनद. त्यावरही रेखांकन, म्हणजे लेआऊट, मंजूर लागतो. लेआऊटलाही आधी तात्पुरती मंजुरी मिळते. मोजणी होऊन रस्ते आणि खुली जागा जागेवर आखल्यावर अंतिम. तुमच्या रेघेखाली यांपैकी जो कागद आहे, नेमका तोच शब्द जाहिरातीत. अंतिम लेआऊट असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख छापा. फक्त झोन दाखला असेल तर 'रहिवास क्षेत्रातील शेतजमीन' असं लिहा आणि गिऱ्हाईक किती येतात ते बघा. कमी येतील. पण जे आले असते ते 'एनए'च्या नावानं आले असते, आणि ती फसवणूक झाली असती.

शहराच्या कडेला राहणाऱ्यांना गुंठेवारी सांगायला नको. २० बाय ३० चे प्लॉट, बाँडवर म्हणजे नुसत्या स्टॅम्पपेपरवर व्यवहार, मग नळाला आणि ड्रेनेजला अर्ज, अशा अख्ख्या वसाहती उभ्या आहेत. गुंठेवारी नियमनाचा कायदा २००१ चा, आणि त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना आणि भूखंडांना त्यात आणलं. त्यानंतर पडलेल्या तुकड्याची जाहिरात करताना 'गुंठेवारी होऊन जाईल' असं म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या आयुष्यभराच्या बचतीवर स्वतःचा अंदाज लावणं. जुन्या वसाहतीतला प्लॉट विकत असाल तर नियमितीकरण झालंय की नाही, पैसे भरलेत की नाही, प्रमाणपत्र आहे की नाही, एवढं लिहा.

बाँडचं एक वेगळं सांगतो. शंभर रुपये आणि त्यापुढच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा आणि नोंदणीचा १९०८ चा, असे दोन्ही कायदे हेच सांगतात. नोटरीच्या शिक्क्यानं मालकी येत नाही. म्हणून 'बाँडवर लगेच ताबा' ही जाहिरात मी करत नाही. अकरा गुंठे सामाईक घेऊन सातबाऱ्यावर दहा नावं लावायची आणि प्रत्येकाला 'तुझा प्लॉट हा' म्हणून चुन्याची फक्की मारून दाखवायची, हीही नाही. तुकडेबंदीला, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकण्यावरच्या बंदीला, वळसा घालण्याचा तो रस्ता आहे, आणि भावाभावांत नसेल एवढं भांडण त्या दहा जणांत पुढं होतं.

समृद्धी, ऑरिक आणि रेल्वे

एजंटाची सगळी कल्पनाशक्ती इथं फुलते. समृद्धी महामार्गानं आपल्या भागाचं बरंच बदललं. ७०१ किलोमीटरचा रस्ता, जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पाही खुला झाला. पण 'समृद्धी टच प्लॉट' ही जाहिरात बघितली की मला हसू येतं. तो प्रवेश नियंत्रित रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कुंपण. त्यावर चढायचं तर सावंगी किंवा माळीवाड्यासारख्या इंटरचेंजवरूनच. दुचाकीला तर तिथं परवानगीच नाही. प्लॉटला समृद्धी 'टच' असली तर मालकाला त्यातून मिळतो तो रात्रभर ट्रकचा आवाज. म्हणून लिहायचं ते 'सावंगी इंटरचेंजपासून रस्त्यानं इतके किलोमीटर'. सरळ रेषेत नाही, ड्रोननं नाही, गाडीच्या मीटरनं मोजलेलं. आणि मिनिटं लिहायचीच असतील तर सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला, दोनदा मोजून, वाहन कोणतं होतं तेही लिहून. मला ते काका शिकवून गेले.

शेंद्रा-बिडकीनचंही असंच. ऑरिक ही तिथली, दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधली सरकारी औद्योगिक नगरी. तिथले भूखंड तिची स्वतःची कंपनीच देते. बिडकीनच्या शिवारातलं तुमचं खाजगी प्लॉटिंग 'ऑरिकमध्ये' नाही, 'ऑरिकजवळ' आहे. नसलेली मान्यता किंवा संलग्नता असल्याचं भासवणं हे कलम १० नुसार एजंटाचं गैरवर्तन आहे, म्हणून 'मध्ये' आणि 'जवळ' यांतला फरक व्याकरणापुरता समजू नका. ऑरिकचा लोगो, मुख्यमंत्र्यांचा फोटो, मोठ्या कार कंपनीचं चिन्ह आपल्या फ्लेक्सवर टाकणं त्याच जातीतलं.

सार्वजनिक कामांसाठी मी तीनच शब्द ठेवलेत: सुरू, मंजूर, प्रस्तावित. सुरू म्हणजे आज गिऱ्हाईक जाऊन वापरू शकतो. मंजूर म्हणजे सरकारी आदेश माझ्या फाइलला आहे. बाकी सगळं प्रस्तावित, आणि प्रस्तावित असेल तर तो शब्द बाकीच्या अक्षरांएवढाच मोठा. बीडच्या लोकांना यातला फरक समजवावा लागत नाही. नगर-बीड-परळी रेल्वे 'येणार, येणार' हे ऐकत एक अख्खी पिढी म्हातारी झाली. बीडला नगरहून गाडी सुरू झाली १७ सप्टेंबर २०२५ ला. त्या रेल्वेच्या भरवशावर कुणी तीस वर्षांपूर्वी स्टेशनजवळचा म्हणून प्लॉट घेतला असेल, तर 'येणार' या शब्दाचं व्याज त्यानं भरलंय. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाच्या नावावर जे प्लॉटिंग चाललंय, तिथं हे आठवा.

पाणी

'मुबलक पाणी', '२४ तास पाणी'. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं गेलं, त्या मुलखात हे शब्द लिहिताना हात थोडा तरी थांबला पाहिजे. संभाजीनगरात नाथसागर उशाला असूनही नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी फ्लेक्सवर २४ तास असतंच.

रेघेखाली काय हवं: नळजोडणी आहे का, असेल तर किती दिवसांआड येतं. बोअर असेल तर किती फूट, आणि गेल्या मे महिन्यात त्याला पाणी होतं का. हा प्रश्न शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, बिल्डरला नको. उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर लिहा, आणि महिन्याला सोसायटीला किती पडतो तेही. दिवाळीच्या सुमाराला हिरव्यागार माळावर काढलेला फोटो उन्हाळ्यातल्या जाहिरातीला वापरायचा नाही. फोटोखाली महिना आणि वर्ष टाकायची मी सवय लावलीय. सुरुवातीला डिझायनर कुरकुरला, आता आपणहून टाकतो.

फोटोंचं बाकी थोडक्यात. संगणकावर केलेलं चित्र असेल तर चित्रावरच 'कल्पनाचित्र' असं लिहा, तळाशी बारीक अक्षरात नाही. विजेचा खांब, शेजारचा नाला, स्मशानभूमी फोटोतून पुसायची नाही. आता हे पुसणं दोन सेकंदांचं काम झालंय, म्हणूनच सांगतोय. रीलवाल्या पोरापोरींना पैसे देऊन साइट दाखवायला सांगत असाल तर 'ही पैसे देऊन केलेली जाहिरात आहे' हे रीलमध्ये दिसलं पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. त्या पोरांना हे माहीत नसतं. सांगायचं काम आपलं.

भाव

'फक्त ९९९ रुपये स्क्वेअर फूट', आणि डोक्यावर एक चांदणी. ती चांदणी काय सांगते ते शोधायला भिंग लागतं. हिशेब करून बघू. ६०० चौरस फुटांचा प्लॉट, ९९९ नं झाले ५,९९,४००. त्यावर विकसन आकार १५० रुपये चौरस फूट, म्हणजे ९०,०००. आता ६,८९,४०० झाले, आणि अजून मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, कोपऱ्याच्या प्लॉटचा वाढीव आकार बाकीच आहे. माझा नियम: जाहिरातीत एका नमुना प्लॉटची संपूर्ण रक्कम, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून शेवटी जाणारी. फ्लॅट असेल तर चटई क्षेत्रावरच (कार्पेट एरिया) भाव. सुपर बिल्टअपचा आकडा कायद्याला ओळखीचा नाही, आणि गिऱ्हाईक जिन्यात झोपत नाही.

'फक्त ११,००० भरून बुक करा' चालेल. पण किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय घेता येत नाही, तेव्हा पुढचे हप्ते कसे आहेत ते तिथंच लिहा. दसऱ्या-पाडव्याला सोन्याचं नाणं देत असाल तर किती ग्रॅमचं, कधी, कुठल्या अटीवर, तेही. 'दोन वर्षांत दुप्पट' याला रेघेखाली कुठलाही कागद जगात मिळणार नाही, त्यामुळं ते सरळ बाद. 'शेवटचे ४ प्लॉट' लिहायचं असेल तर तारीख टाका आणि तो आकडा महारेराच्या पानावरच्या बुकिंगशी जुळवा. गिऱ्हाईक आता तिथं जाऊन मोजतं.

दलाली किती आणि कुणाकडून, हे पहिल्या भेटीत. दोन्हीकडून घेत असाल तर दोघांना माहीत असलं पाहिजे. आमच्या धंद्यात हे लपवायची प्रथा आहे. का आहे, मला आजवर समजलं नाही.

कुणासाठी नाही?

जाहिरातीत लोक नको ते लिहितात: 'फक्त अमुक समाजासाठी', 'अमुक लोकांनी फोन करू नये'. मालक तोंडी सांगतो, एजंट छापतो. मी छापत नाही. मालकाला सांगतो की घराबद्दल सांगा, किती खोल्या, भाडं किती, अनामत किती. माणसाबद्दल मी छापणार नाही. काही मालक गेले. लातूरच्या ट्यूशन एरियात खोल्या देणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. मुलींचं वसतिगृह, मुलांचं वसतिगृह हे लिहावंच लागतं. पण तिथं वेगळीच खोट असते: एका चकचकीत खोलीचा फोटो टाकायचा आणि द्यायची तिसऱ्या मजल्यावरची पत्र्याची. गंगाखेडहून, किनवटहून आई-बाप लेकराला घेऊन येतात, मुक्कामाला पैसे नसतात, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं असतं. घाईत मिळेल ती खोली घेतात. ज्या खोलीची जाहिरात, त्याच खोलीचा फोटो, संडास-बाथरूम किती जणांत ते लिहून. यात फार काही अवघड नाही.

एक जाहिरात उलगडून

समजा, मजकूर असा आला:

'समृद्धी टच एनए प्लॉट! ऑरिक ५ मिनिटं! २४ तास पाणी! फक्त ५.९९ लाखांत! शेवटचे ४! २ वर्षांत दुप्पट!'

रेघा मारून, फाइल बघून, गाडी घेऊन जाऊन आल्यावर तो असा झाला:

'अंतिम मंजूर रेखांकनातील रहिवासी प्लॉट (मंजुरी क्रमांक व तारीख). भोगवटादार वर्ग १. महारेरा प्रकल्प क्रमांक, एजंट क्रमांक, क्यूआर कोड. ६०० चौ. फुटांचा प्लॉट विकसन आकारासह ६,८९,४०० रुपये. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळी. सावंगी इंटरचेंजपासून रस्त्यानं १४ कि.मी. अंतर्गत रस्ते ९ मीटर, खडीचे, डांबरीकरण बाकी. पाणी: सामाईक बोअर, मे महिन्यात टँकर लागतो. आजच्या तारखेला ६२ पैकी १९ प्लॉट शिल्लक.'

टँकरची ओळ वाचून बिल्डर भडकणारच. "सगळे छापतात, तुम्हीच एकटे हरिश्चंद्र का?" असं मला ऐकवून झालंय. मी वाद घालत नाही. दावे एकाखाली एक टाइप करून त्यांना ईमेल करतो: 'खालील मजकुराचे कागद पाठवा, आले की लगेच छापतो.' कागद आले तर छापतो. नाही आले तर तो ईमेल फाइलला राहतो. कलम १२ प्रमाणं जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला व्यवहारातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते, आणि ती जबाबदारी प्रवर्तकाची आहे. हे कलम छापून त्यांच्या टेबलावर ठेवलं की टँकरची ओळ बऱ्याचदा राहते.

चूक गेलीच तर

जाते. माझीही गेलीय. अशा वेळी जाहिरात गुपचूप पुसून टाकायची नाही. ज्या ग्रुपवर टाकली त्याच ग्रुपवर 'कालच्या मजकुरात रस्ता ९ मीटर लिहिला होता, जागेवर ६ मीटर आहे' असं टाकायचं. त्या जाहिरातीवरून ज्यांनी फोन केला त्यांची यादी असतेच, प्रत्येकाला फोन करायचा. टोकन दिलेल्याला लेखी कळवून विचारायचं, परत हवं का. दोघांनी मागितलं होतं, दिलं. तिसऱ्यानं मागितलं नाही, पण त्यानंतर तो प्रत्येक कागद दोनदा वाचायला लागला.

विकलेल्या प्लॉटची जाहिरात त्याच दिवशी उतरवा. पोर्टलवरची एका क्लिकमध्ये उतरते, रस्त्यावरचा लोखंडी बोर्ड उतरत नाही. त्यासाठी माणूस पाठवावा लागतो, वेल्डर लागतो, पाचशे-सातशे रुपये जातात, म्हणून बोर्ड वर्षानुवर्षं तसेच उभे असतात आणि त्यांवरचे नंबर वाजत राहतात. जालना रोडवरचा तो '१० मिनिटांवर'वाला आमचा बोर्ड मी काकांच्या भेटीनंतर दुसऱ्याच आठवड्यात काढला. पत्रा भंगारात दिला, दोन्ही खांब ऑफिसच्या मागं पडून आहेत.